मिताक्षरेबाहेरची इस्टेट

वारसाहक्काने आलेला टपाल तिकिटांचा संग्रह ही मराठी मध्यमवर्गीय घरातील अशी एकमेव मालमत्ता असावी, की जिच्यावरून भावंडांत वाद होतो तो ती आपल्याला मिळावी म्हणून नव्हे, तर दुसऱ्याने न्यावी म्हणून. फ्लॅट, सोने, बँकेतील ठेवी आणि गावाकडची हापूसची कलमे यांच्या वाटणीसाठी शास्त्र आहे, कायदा आहे आणि हे दोन्ही अपुरे पडल्यास मामा आहेत. परंतु लोखंडी कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, शालूच्या मागे ठेवलेल्या तीन अल्बमांचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबलेल्या सुट्या तिकिटांचे काय करावे, याविषयी शास्त्र, कायदा आणि मामा हे तिघेही मौन बाळगतात.

कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली आणि दाय, म्हणजे नात्यामुळे प्राप्त होणारे धन, दोन प्रकारांत विभागले. ज्यावर पुत्राचा हक्क जन्मतःच निर्माण होतो तो अप्रतिबंध दाय, आणि ज्यावरचा हक्क मूळ मालक हयात असेपर्यंत अडलेला राहतो तो सप्रतिबंध दाय. तिकिटांचा संग्रह या दोहोंपैकी कशातच नीट बसत नाही. संग्राहक हयात असताना अल्बमाला हात लावायचा तर आधी साबणाने हात धुवावे लागत, मग ते कोरडे करून दाखवावे लागत आणि एवढे करूनही पाने उलटण्याचा अधिकार त्याच्याकडेच राही. त्यामुळे तो गेल्यावर प्रतिबंध उठतो खरा, पण तोवर वारसांना हात न लावण्याची सवय जडलेली असते. विज्ञानेश्वराच्या काळी टपाल तिकिटे नव्हती, हे त्याचे भाग्य म्हणावे लागेल.

या छंदाचे पाश्चात्त्य भाषांतील नाव फिलॅटली असे असून ते जॉर्ज एर्पँ नावाच्या फ्रेंच संग्राहकाने १८६४ मध्ये दोन ग्रीक शब्द जोडून तयार केले. त्यांपैकी पहिल्याचा अर्थ प्रेम आणि दुसऱ्याचा अर्थ करातून किंवा आकारातून सूट असा होतो, कारण इंग्लंडात १८४० मध्ये रोलंड हिल यांच्या योजनेनुसार तिकीट निघण्यापूर्वी पत्राचा खर्च सामान्यतः ते घेणाऱ्याच्या माथी पडे आणि तिकिटाने त्याची त्यातून सुटका केली. करमुक्तीवरील प्रेम हा शब्दशः अर्थ ध्यानात घेतला, तर हा छंद नोकरदार वर्गात एवढा का फोफावला याचे कारण वेगळे शोधण्याची गरज उरत नाही. घराघरांतून मात्र हा ग्रीक शब्द कोणीही उच्चारत नसे. ‘तिकिटे जमवणे’ हा वाक्प्रचार पुरेसा होता आणि ‘त्यापेक्षा अभ्यास कर’ ही त्याची ठरलेली जोड होती.

संग्रहाचे विल्हेवाटशास्त्र समजण्यासाठी आधी त्याची शरीररचना पाहिली पाहिजे. १९५० ते १९८० च्या दशकांत मुंबई, पुणे, नाशिक किंवा नागपूर येथे वाढलेल्या मुलाचा अल्बम उघडला, तर त्यात जगाचा एक स्वतंत्र नकाशा आढळतो, ज्यात हंगेरी हा देश रशियाएवढा मोठा असून त्याचे नाव मग्यार पोस्टा असे आहे. हंगेरीची त्रिकोणी तिकिटे, पोलंडची फुलपाखरे आणि रशियाचे अंतराळवीर ही सारी दुकानांतील पाकिटांतून येत, आणि त्यांपैकी अनेकांवर एक गूढ असे, ते म्हणजे वरच्या कोपऱ्यात सुबक शिक्का आणि पाठीवर डिंक मात्र जसाच्या तसा. ही तिकिटे कोणत्याही पत्रावर कधीच चिकटलेली नव्हती. संग्राहकांना स्वस्तात विकता यावीत म्हणून टपाल खात्यानेच त्यांच्यावर शिक्का मारून ती छापखान्यातून थेट बाजारात धाडलेली होती, म्हणजे नोकरीवर रुजू न होताच निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यांसारखी त्यांची स्थिती होती. हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड आणि ज्या तिकिटावर देशाचे नावच नाही पण राणीचे डोके आहे ते इंग्लंडचे, ही त्रिसूत्री ज्याला पाठ तो वर्गात ज्ञानी गणला जाई, मग भूगोलाच्या पेपरात त्याला काहीही गुण पडोत.

या नकाशावरील सर्वांत फसवा प्रदेश म्हणजे अजमान, फुजैरा आणि उम्म अल कैवैन ही आखातातील अमीर राज्ये. १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीची स्थापना झाली, तिच्या आधीच्या काही वर्षांत या राज्यांच्या नावाने परदेशी दलालांनी मोनालिसा, चांद्रयाने, मांजरे आणि ऑलिंपिकचे खेळाडू यांची चकचकीत तिकिटे ढिगाने बाजारात ओतली. त्यांपैकी पुष्कळशांना तिकिटांच्या प्रतिष्ठित सूचींनी आपल्या मुख्य यादीत जागाही दिली नाही आणि जाणत्या मंडळींनी त्यांचे ‘वाळूचे ढीग’ असे नामकरण केले. वारसाला हे ठाऊक नसते. त्याला अल्बमात सर्वांत मोठे, सर्वांत रंगीत आणि सर्वांत दूरच्या देशाचे दिसणारे तिकीट हेच सर्वांत मौल्यवान वाटते, कारण लहानपणी त्यालाही तेच वाटत असे आणि मधल्या चाळीस वर्षांत त्या समजुतीची तपासणी करण्याचा प्रसंग आलेला नसतो.

आखाताचीच दुसरी, अस्सल तिकिटे मात्र याच अल्बमात एखाद्या कोपऱ्यात खालमानेने बसलेली असतात. कुवैत आणि बहरीन येथे एके काळी हिंदुस्थानचीच टपाल तिकिटे चालत आणि पुढे त्यांवर त्या त्या राज्याचे नाव काळ्या अक्षरांत छापून ती वापरली जात. कोकणातून नोकरीसाठी तिकडे गेलेल्या एखाद्या नातलगाच्या पत्रावर ती येत. त्या पत्राचे पुढे काय होई, हा या संपूर्ण विषयाचा गाभा आहे.

पाकीट घरात आले की आधी ते वाचले जाई, नंतर त्याचा तिकिटाकडचा कोपरा कात्रीने कापून वाटीभर कोमट पाण्यात सोडला जाई, तिकीट कागदापासून अलग झाले की ते वर्तमानपत्रावर पालथे घालून वाळवले जाई आणि शेवटी जाडजूड पुस्तकाखाली दाबून सपाट केले जाई. या विधीत शुचितेचे नियम सोवळ्याएवढे कडक होते. पुढे अल्बमात ते हिंजने लावले जाई. हिंज म्हणजे एका बाजूस डिंक लावलेला पारदर्शक कागदाचा छोटा तुकडा, जो दुमडून अर्धा तिकिटाला आणि अर्धा पानाला चिकटवतात, जेणेकरून तिकीट दाराप्रमाणे उघडून त्याची पाठ पाहता यावी. ज्या घरांत हिंज परवडत नसत तेथे घरगुती खळीचा प्रयोग होई, आणि त्याचे परिणाम आजही टिकून आहेत, कारण ती तिकिटे पानासकट फाटतात पण पानापासून सुटत नाहीत. काही काटेकोर संग्राहकांना तिकिटाच्या कडेचे दाते ओबडधोबड वाटत आणि ते कात्रीने कापून कडा सरळ करत, मग त्या तिकिटाची उरलीसुरली किंमत केरात जाई, आणि केर काढणाऱ्यालाही ते कळत नसे.

आता संग्राहकांच्या बाजारात मान कशाला आहे, तर अख्ख्या पाकिटाला. पत्ता, पाठवणाऱ्या आणि पोहोचलेल्या गावांचे शिक्के, वाटेतील टपाल कचेरीची खूण, सेन्सॉरची पट्टी, ‘पत्त्यावर इसम सापडत नाही’ असा शेरा, या साऱ्यांसह जे पाकीट टिकून राहते त्यातून टपालाचा इतिहास वाचता येतो आणि म्हणून त्याला गिऱ्हाईक असते. उलट धुऊन, वाळवून, इस्त्री केल्यासारखे सपाट केलेले सुटे तिकीट लाखो घरांत त्याच पद्धतीने जपलेले असल्याने त्याला कोणी विचारत नाही. तिकीट ठेवले आणि पत्र टाकले, असा हा उलटा न्याय झाला. कुवैतहून आलेल्या त्या पत्रात काय लिहिले होते, कोणाची विचारपूस होती, मनीऑर्डरीचा काही उल्लेख होता का, हे आज कोणालाही सांगता येत नाही. बादशहाचे डोके मात्र स्वच्छ धुतलेले आहे.

वारसाची वाटचाल आशेने सुरू होते आणि या आशेला इतिहासाचा भक्कम आधार आहे, हीच खरी अडचण. १८७३ मध्ये दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियानात एका १२ वर्षांच्या मुलाला आपल्या काकांच्या कागदपत्रांत १८५६ चे एक सेंटचे किरमिजी तिकीट सापडले आणि इतर देखणी तिकिटे घेता यावीत म्हणून त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकले. जगात एकच प्रत असलेले ते तिकीट २०१४ मध्ये सुमारे ९५ लाख डॉलरांना लिलावात गेले. ही कथा प्रत्येक वारसाला कोणत्या ना कोणत्या रूपात ठाऊक असते आणि तिचा एकच बोध तो मनाशी धरतो, तो म्हणजे काकांच्या कागदपत्रांत असे काही असू शकते. तेच तिकीट २०२१ मध्ये पुन्हा विकले गेले तेव्हा त्याला सुमारे ८३ लाख डॉलर मिळाले, म्हणजे जगातील सर्वांत दुर्मीळ तिकिटालाही सात वर्षांत घाटा आला, हा उत्तरार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आपल्याकडेही आशेला खतपाणी घालणारी उदाहरणे आहेत. १ जुलै १८५२ रोजी सिंधचे आयुक्त बार्टल फ्रियर यांनी, पुढे जे मुंबईचे गव्हर्नर झाले त्यांनी, ‘सिंध डाक’ नावाची गोल, उठावदार छापाची अर्ध्या आण्याची तिकिटे काढली आणि ती आशियातील पहिली चिकटवायची तिकिटे ठरली. १८५४ च्या चार आणे तिकिटाच्या काही प्रतींत राणी व्हिक्टोरियाचे डोके उलटे छापले गेले, आणि राणीचे डोके उलटे होणे हा एरवी राजद्रोहाच्या जवळपास जाणारा प्रकार असला तरी संग्राहकांनी त्याचे सोने केले. पुण्याजवळच्या भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची तिकिटे काढली होती. मराठवाड्यातल्या घरांत निजामाच्या राज्याची आणि गोव्यातल्या घरांत पोर्तुगीज हिंदुस्थानची, रैश आणि टांगांतील, तिकिटे निघणे तर साहजिकच आहे. वारस यांपैकी प्रत्येक तिकीट आपल्या अल्बमात शोधतो, आणि त्याला हंगेरी सापडते.

एखाद्या घरात जगातील पहिले तिकीट, म्हणजे १८४० चे पेनी ब्लॅक, असल्याचा दावा केला जातो, आणि क्वचित तो खराही असतो. परंतु पेनी ब्लॅकच्या सुमारे ६ कोटी ८० लाख प्रती छापल्या गेल्या होत्या आणि पहिलेपणामुळे त्यांपैकी बऱ्याच जपल्या गेल्या, म्हणून ते प्रसिद्ध असले तरी दुर्मीळ नाही. जुने म्हणजे मोलाचे हा सिद्धांत आजोबा, लोणचे आणि सागवान यांना लागू पडतो. तिकिटांना लागू पडणारा सिद्धांत असा, की जे सर्वांनी फेकून दिले तेच मोलाचे ठरते. आपल्या पूर्वजाने काहीच फेकले नाही याचा अभिमान बाळगणाऱ्या वारसाला हा सिद्धांत पचणे कठीण जाते.

दुसऱ्या टप्प्यावर सूची येते. सूची म्हणजे प्रत्येक देशाच्या प्रत्येक तिकिटाला क्रमांक आणि किंमत देणारा जाड ग्रंथ. वारस रात्री जागून, भिंग आणि कॅल्क्युलेटर घेऊन किमतींची बेरीज करतो आणि पहाटे त्याच्या हाती असा आकडा येतो, की ज्यातून कर्जाचे सहा हप्ते फिटावेत. यात त्याचे चुकते ते एवढेच, की सूचीतील किंमत ही व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला विकण्याची किंमत असते, तीही निर्दोष प्रतीची, आणि अगदी साध्या तिकिटापुढे दिलेल्या किमान रकमेत तिकिटापेक्षा ते शोधून, पाकिटात घालून देण्याची मजुरीच अधिक असते. व्यापारी अल्बम चाळतो तेव्हा पाने ज्या वेगाने उलटतो त्या वेगावरूनच निकाल कळतो. जेथे संग्राहकाने रविवारची एकेक सकाळ खर्च केली ते पान दीड सेकंदात जाते. शेवटी व्यापारी चष्मा काढतो, संग्राहकाच्या हस्ताक्षराची मनापासून स्तुती करतो, आणि मराठी माणसाला एवढे कळते की अक्षराची स्तुती सुरू झाली म्हणजे पैशाचा विषय संपला.

एका ठिकाणी मात्र व्यापाऱ्याचा हात थांबतो. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, महात्मा गांधींची चार तिकिटे निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. नाशिकरोडला १९२५ पासून सरकारी छापखाना असूनही स्वदेशीच्या प्रणेत्याची ही तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये छापून आणावी लागली, कारण फोटोग्रॅव्हूर या मुद्रणपद्धतीने टपाल तिकिटे छापणे नाशिकला १९५२ च्या संतकवींच्या मालिकेपासून जमले. टपाल खात्याने या विसंगतीची भरपाई २०११ मध्ये खादीच्या कापडावर गांधींचे तिकीट छापून केली, असे म्हणता येईल. ते असो, १९४८ मध्ये दहा रुपयांचे तिकीट छंदापायी विकत घेणे पगारदाराच्या आवाक्याबाहेर होते, त्यामुळे अस्सल मराठी अल्बमात पहिली तीन तिकिटे असतात आणि चौथ्याच्या जागी पेन्सिलने आखलेला रिकामा चौकोन असतो. याच दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ असे छापून गव्हर्नर जनरलच्या सरकारी वापरासाठी अवघ्या १०० प्रती काढल्या होत्या आणि त्यांतील चारांची एक पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. साध्या दहा रुपयांच्या तिकिटालाही आज भाव आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही पुष्कळ आहेत. रिकाम्या चौकोनाची मात्र अद्याप नक्कल झालेली नाही.

विक्री फसल्यावर दानाचा विचार येतो, कारण जे विकले जात नाही ते दान करण्याची आपल्याकडे परंपरा आहे. शाळेला द्यावे तर मुख्याध्यापक आनंदाने स्वीकारतात आणि अल्बम स्नेहसंमेलनाच्या ढालींमागे ठेवतात, म्हणजे कपाट फक्त बदलते. संग्रहालयाला द्यावे तर दिल्लीच्या डाक भवनात राष्ट्रीय टपाल तिकीट संग्रहालय आहे, परंतु तेथे पोलंडच्या फुलपाखरांची उणीव भासत असल्याचे दिसत नाही. शिवाय दानपत्राची हमी कोणी द्यावी? आपल्या काळातील सर्वांत मोठा संग्राहक गणला गेलेला फिलिप फॉन फेरारी पॅरिसला राहत असे. गियानाचे ते एकमेव तिकीटही त्याच्याकडे होते. त्याने रीतसर मृत्युपत्र करून आपला संग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला ठेवला आणि १९१७ मध्ये, ऐन महायुद्धात, तो वारला. फ्रान्स सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून संग्रह ताब्यात घेतला आणि १९२१ ते १९२५ या काळात तो लिलावांत तुकड्यातुकड्यांनी विकला. एवढ्या नीटनेटक्या मृत्युपत्राची ही गत होत असेल, तर ‘अल्बम धाकट्याला’ असे डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवणाऱ्याने फार अपेक्षा ठेवू नयेत.

नातवाला देणे हा पर्याय सर्वांत भावपूर्ण आणि म्हणून सर्वांत अल्पजीवी ठरतो. नातू धोंडो केशव कर्वे यांचे १९५८ चे तिकीट पाहतो, ज्याच्या पाच-सहा जादा प्रती पुण्याच्या प्रत्येक संग्रहात असाव्यात असा संशय आहे, आणि हयात असताना भारतीय टपाल तिकिटावर आलेले हे पहिले भारतीय, त्यासाठी त्यांना शंभरी गाठावी लागली, ही माहिती ऐकून घेतो. मग तो विचारतो, की स्वतःचा फोटो तिकिटावर छापून मिळतो ना? मिळतो, २०११ पासून ‘माय स्टॅम्प’ या योजनेत फोटो आणि शुल्क देणाऱ्या कोणालाही मिळतो. या प्रश्नानंतर आजोबांनाच अल्बम परत कपाटात ठेवावासा वाटतो.

भावंडांत वाटणी हाही एक मार्ग आहे आणि तो एकदा तरी चाचपला जातोच. थोरल्याने भारत घ्यावा, धाकटीने युरोप आणि मधल्याने उरलेले जग, असा ठराव होतो. पण सीमारेषा आखणाऱ्या रॅडक्लिफ साहेबाची अडचण येथेही आडवी येते, कारण एकाच पानावर भारत आणि पाकिस्तान पाठपोट चिकटलेले असतात आणि पान फाडल्याशिवाय फाळणी होत नाही.

या काळात निसर्ग स्वतंत्रपणे निर्णय घेत असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हवा दमट झाली की न वापरलेल्या तिकिटांच्या पाठीवरचा डिंक जागा होतो आणि समोरासमोरची पाने एकमेकांना कायमची बिलगतात. कागदावर तांबूस ठिपके पडतात, ज्यांना संग्राहक गंज म्हणतात. झुरळांना डिंक आवडतो आणि कसरीला कागद, त्यामुळे त्या दोघांत वाटणीचा वाद होत नाही. टपाल खात्याने २००६ मध्ये चंदनाच्या आणि पुढल्या वर्षी गुलाबाच्या वासाची तिकिटे काढली होती, त्यांना आता डांबरगोळ्यांचा वास येतो.

इतके सारे पर्याय तपासून झाल्यावर वारस अखेरचा उपाय म्हणून अल्बम पिशवीत घालून फोर्टात किंवा अशाच एखाद्या पेठेत दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातो, येईल त्या किमतीला देऊन मोकळे व्हायचे असे घरी सांगून जातो. व्यापारी पाने उलटतो, अक्षराची स्तुती करतो, पेन्सिलच्या चौकोनापाशी थांबतो आणि सहज म्हणावे तसे म्हणतो, की शिक्का पडलेली प्रत आहे एक, जरा फिकट आहे, पण खरी आहे. दुपारी उशिरा वारस घरी परततो तेव्हा पिशवीत तिन्ही अल्बम असतात, त्यांखेरीज हिंजचे एक पाकीट, नवा चिमटा आणि दुमडू नये म्हणून पुठ्ठ्यात घातलेले एक तिकीट असते, आणि दार उघडणाऱ्या व्यक्तीने काही विचारण्यापूर्वी तो हात धुवायला जातो.